फवारा तोंडातच अडवायचा

दात कोरताना तोंडात पाण्याचा फवारा कशासाठी सोडतात, हे खुर्चीवर आडव्या पडलेल्या माणसाला सहसा कोणी सांगत नाही. दिवा डोळ्यांवर येतो, हँडपीस शिट्टीसारखा आवाज करू लागतो आणि हनुवटीवर, नाकावर, चष्म्याच्या काचेवर गार तुषार येऊन बसतात. हे पाणी दात थंड ठेवण्यासाठी असते. आपल्याकडचे डेंटिस्ट ज्याला एअररोटर म्हणतात, त्या यंत्राच्या टोकाचा बर मिनिटाला तीन ते चार लाख फेरे घेतो. त्या वेगाने दातावर घासला की प्रचंड उष्णता तयार होते आणि ती थेट आतल्या नसेपर्यंत पोहोचते. झाक आणि कोहेन या संशोधकांनी १९६५ साली माकडांच्या दातांवर प्रयोग करून दाखवले, की नसेचे तापमान जेमतेम साडेपाच अंश सेल्सिअसने वाढले तरी सुमारे १५ टक्के दातांमधली नस पुन्हा सावरत नाही. त्यामुळे पाणी बंद करून काम करणे हा मार्गच उरत नाही. पाणी हवे, आणि ते उडणार हेही ठरलेलेच.

पूर्वी हा प्रश्न नव्हता. अमेरिकेत मॉरिसन यांनी १८७१ मध्ये पायाने चालवायचे ड्रिल बनवले. पुढे विजेवर आणि पट्ट्यावर चालणारी ड्रिल आली. त्यांचा वेग मिनिटाला काही हजार फेऱ्यांचा. दात कोरायला वेळ लागे, डोके हादरे, पण हवेत फारसे काही उडत नसे. न्यूझीलंडमध्ये जॉन वॉल्श यांनी १९४९ मध्ये दाबाच्या हवेवर फिरणाऱ्या छोट्या टर्बाइनचे पेटंट घेतले आणि १९५७ मध्ये अमेरिकेच्या जॉन बोर्डन यांचा एअरोटर बाजारात आला. ज्या कामाला अर्धा तास लागे ते काही मिनिटांत होऊ लागले. त्याच दशकात दातांवरचा कडक थर काढणारे अल्ट्रासॉनिक स्केलर आले. त्यांचे टोक सेकंदाला २५ ते ३० हजार वेळा थरथरते आणि त्यालाही थंड ठेवायला पाणी लागते. रुग्णाचे हाल खूप कमी झाले, यात शंका नाही. पण त्या दशकापासून दातांच्या दवाखान्यातल्या हवेत ओले धुके भरू लागले, आणि त्यात काय आहे हे मोजायला आणखी बारा वर्षे गेली.

ती मोजणी मिसिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये मांडली. तोंडातून उडणाऱ्या थेंबांचे त्यांनी दोन भाग केले. पन्नास मायक्रॉनहून मोठे थेंब गोळीसारखे सरळ उडतात आणि समोर येईल त्यावर आपटतात: डॉक्टरांचे कपाळ, मदतनिसाची बाही, रुग्णाची छाती. पन्नास मायक्रॉनहून लहान ते हवेत तरंगतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे हे तुषार दिसण्याच्या मर्यादेपलीकडचे. स्थिर हवेत शंभर मायक्रॉनचा थेंब दीड मीटर उंचीवरून सहा-सात सेकंदांत खाली येतो. दहा मायक्रॉनच्या थेंबाला आठ मिनिटे लागतात, आणि एक मायक्रॉनच्या कणाला जवळजवळ बारा तास. शिवाय थेंब वाटेत सुकत जातो. विल्यम वेल्स यांनी १९३४ मध्येच दाखवले होते, की पाणी उडून गेल्यावर मागे उरलेला जंतूंसह कोरडा गाभा इतका हलका असतो, की तो खोलीभर फिरत राहतो. क्षयरोग याच मार्गाने पसरतो. ज्या देशात क्षयरोग अजून घराघरांत आहे, तिथल्या दवाखान्यांनी हे केवळ कोविडपुरते लक्षात ठेवून चालणार नाही.

उडणाऱ्या पाण्यात लाळ असते, हिरडीतले रक्त असते, कोरलेल्या दाताची भुकटी असते, आणि दातांवरच्या थरातले असंख्य जीवाणू असतात. ते कुठे जाते हे पाहायची पद्धत साधी आहे. यंत्राच्या पाण्यात फ्लुओरेसीन हा चमकणारा रंग घालायचा, नकली तोंडाच्या पुतळ्यावर काम करायचे आणि मग निळ्या प्रकाशात खोली बघायची. इंग्लंडमध्ये न्यूकॅसल येथे २०२० मध्ये हे प्रयोग बारकाईने झाले. डाग जिथे अपेक्षित तिथे मिळतातच. पण ते फेसशील्डच्या आतल्या बाजूवरही मिळतात, मास्कवर मिळतात. फेसशील्ड समोरून येणारे मोठे थेंब थांबवते, खालून आणि बाजूने वळसा घेऊन येणाऱ्या बारीक तुषारांना ती अडवू शकत नाही.

या विषयावरचे माझे म्हणणे एकच आहे: तुषार तोंडाबाहेर पडले की त्यांना पकडणे दर वीतभर अंतराला अवघड होत जाते. म्हणून सगळा भर दाताजवळच्या दीड-दोन सेंटिमीटरवर हवा. तिथे काम करणारे मुख्य साधन म्हणजे सक्शन.

सक्शन म्हटले की रुग्णाला ओठाच्या कोपऱ्यात अडकवलेली ती वाकडी, पातळ नळी आठवते. ती लाळ ओढण्याची नळी. तळाशी साठलेले पाणी आणि लाळ ती ओढते, पण हवा फारच थोडी ओढते, त्यामुळे तुषारांवर तिचा परिणाम नगण्य. तुषार पकडणारी नळी वेगळी असते. तिचे तोंड आठ मिलिमीटर किंवा त्याहून मोठे असते, टोक तिरपे कापलेले असते, आणि ती मिनिटाला अडीचशे लिटर किंवा अधिक हवा खेचते. ही नळी नीट वापरली तर बाहेर पडणारे तुषार ९० टक्क्यांहून अधिक कमी होतात, असे हॅरेल आणि मोलिनारी यांनी २००४ मध्ये तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेऊन लिहिले. इतका फरक पाडणारे आणि इतके स्वस्त असे दुसरे साधन या क्षेत्रात नाही.

‘नीट वापरली तर’ यात खरे काम आहे. फुंकर मारून हातभर लांबचा दिवा विझवता येतो, पण तेवढ्याच अंतरावरून हवा आत ओढून ज्योत हलतसुद्धा नाही. सक्शनचेही तसेच आहे. नळीच्या तोंडाशी हवेचा जो वेग असतो, त्याचा दहावा भागही नळीच्या व्यासाइतक्या अंतरावर उरत नाही. म्हणजे नळी दातापासून एक सेंटिमीटर सरकली की तिची पकड जवळपास संपते. म्हणूनच टोक बरपासून सहा ते पंधरा मिलिमीटरच्या आत धरायला शिकवतात. खालच्या उजव्या दाढेवर काम चालू असेल तर नळीचे तिरपे तोंड दाढेकडे, कडा गालाला किंचित बाहेर ढकलणारी, आणि हँडपीस ज्या बाजूला पाणी फेकतो ती बाजू मोकळी न सोडता. गालाची कातडी नळीत अडकली की आवाज एकदम चिरका होतो. अनुभवी मदतनीस तो आवाज ऐकताच मनगट किंचित फिरवते, आणि डॉक्टरांचे काम एक क्षणही थांबत नाही. हे कौशल्य मी मुद्दाम तपशिलात सांगतो आहे, कारण दवाखान्याच्या पाटीवर मदतनिसाचे नाव नसते, पण खोलीतली हवा किती स्वच्छ राहील हे बरेचसे तिच्याच हातावर ठरते.

आपल्याकडची अडचण नेमकी इथे आहे. गावातल्या, पेठेतल्या कितीतरी दवाखान्यांत डॉक्टर एकटेच काम करतात. एका हातात आरसा, दुसऱ्यात हँडपीस. मोठी नळी धरायला तिसरा हात नसतो, म्हणून ती खुर्चीच्या हुकावर लटकत राहते आणि तोंडात लाळेची पातळ नळी तेवढी असते. शिवाय पुष्कळ खुर्च्यांवरचे सक्शन कॉम्प्रेसरच्या दाबाच्या हवेवर, व्हेंचुरी पद्धतीने चालते. ते पाणी ओढते, पण त्याची हवा खेचण्याची ताकद बेताची. स्वतंत्र मोटर असलेले जोरदार सक्शन घ्यायला जास्त पैसे लागतात, जागा लागते, आणि त्या मोटरच्या मागून बाहेर पडणारी हवा इमारतीबाहेर सोडावी लागते. मोटर खोलीतच ठेवली आणि मागे फिल्टर नसला, तर तोंडातून खेचलेले बारीक कण पुन्हा त्याच खोलीत येतात. दवाखाना उभा करताना टाइल्स आणि रिसेप्शनवर खर्च करण्याआधी या एका मोटरचा आणि एका प्रशिक्षित मदतनिसाच्या पगाराचा विचार व्हावा, असे मला कळकळीने वाटते.

लाळेच्या नळीबद्दल रुग्णाने लक्षात ठेवण्याजोगे एक आहे. ती तोंडात असताना ओठ घट्ट मिटून ती चोखू नये. आत दाब कमी झाला तर नळीतले पाणी उलटे तोंडात येऊ शकते, आणि त्या नळीच्या मागच्या भागात आधीच्या रुग्णाची लाळ असू शकते. अमेरिकेच्या सीडीसी या संस्थेच्या सूचनांमध्ये हा इशारा स्पष्ट आहे.

दुसरे साधन सक्शनपेक्षा जुने आहे. न्यूयॉर्कचे डेंटिस्ट सॅनफोर्ड बार्नम १८६४ मध्ये एका खालच्या दाढेत सोन्याचा वर्ख ठोकून भरत होते. या कामाला दात पूर्ण कोरडा लागतो, आणि लाळ काही थांबेना. त्यांनी मेणकापडाच्या तुकड्याला भोक पाडून ते दाताभोवती बसवले, अशी त्यांची हकिकत सांगतात. पुढे मेणकापडाच्या जागी रबर आले. रबर डॅम म्हणतात तो हाच. बार्नम यांना जंतूंची किंवा हवेतल्या तुषारांची काही कल्पना असण्याचे कारण नव्हते, त्यांना फक्त कोरडा दात हवा होता. पण सव्वाशे वर्षांनी त्यांच्या पडद्याचा हा दुसरा गुण मोजला गेला. १९८९ मध्ये दोन वेगवेगळे अभ्यास प्रसिद्ध झाले. एकात कामाच्या जागेभोवतीच्या सुमारे तीन फुटांच्या परिघात हवेतले कण ७० टक्क्यांनी घटलेले दिसले, दुसऱ्यात जंतूंचा फैलाव ९० ते ९८ टक्क्यांनी कमी झाला.

हे होते कसे ते पडदा लावताना पाहिले की लगेच कळते. सहा इंची चौकोनी रबराचा तुकडा, हिरवा किंवा निळा. पंचच्या चकतीवर लहानमोठी भोके असतात, त्यातले दाताच्या आकाराला साजेसे निवडून रबराला भोक पाडतात. पोलादाचा छोटा क्लॅम्प दाताच्या मानेवर, हिरडीच्या जरा वर पकड घेतो. रबर ताणून त्यावर चढवतात, दोन दातांच्या फटीत दोऱ्याने खाली सरकवतात, आणि बाहेरच्या कडा इंग्रजी यू अक्षराच्या फ्रेमच्या टोकांना अडकवतात. आता तोंडाच्या जागी एक ताणलेला पडदा आणि त्यातून वर आलेला एकच दात. जीभ, लाळ, बाकीचे दात, हिरड्या सगळे पडद्याच्या मागे. बरवर पडणारे पाणी उडते, पण ते जवळजवळ निव्वळ पाणीच असते, लाळ त्यात मिसळायला वावच नसतो. म्हणजे हा पडदा तुषार कमी करतो त्यापेक्षा त्यांच्यातले विष कमी करतो.

रूट कॅनल करताना तर तो हवाच. बारीक फाइल घशात जाण्याचा आणि सोडियम हायपोक्लोराइटचे झणझणीत पाणी जिभेवर सांडण्याचा धोकाही त्याने टळतो. तरी अनेक दवाखान्यांत तो पेटीत पडून असतो. कारणे ठरलेली: लावायला तीन-चार मिनिटे जातात, क्लॅम्प थोडा दुखतो, रुग्ण म्हणतो ‘डॉक्टर, जीव गुदमरतो हो’. नाक मोकळे असेल तर श्वास घ्यायला अडचण येत नाही, आणि गिळताही येते. सुरुवातीची दोन मिनिटे गेली की बहुतेकांना उलट हायसे वाटते, कारण घशात पाणी साठत नाही. सर्दीने नाक बंद असलेल्याला मात्र तो लावू नये, आणि रबराची ॲलर्जी असेल तर बिनलॅटेक्सचा पडदा मिळतो.

तोंडातच बसवायचे मऊ सिलिकॉनचे साचेही आता मिळतात. त्यांत दातांनी चावून धरायची ठोकळी, जीभ आणि गाल दूर ठेवणारे पंख आणि सक्शनची छिद्रे एकत्र असतात. एकट्याने काम करणाऱ्या डॉक्टरांना त्यांचा फार आधार वाटतो, आणि दात कोरडा ठेवायला ते चांगलेच आहेत. पण स्केलिंगच्या वेळी असे साधन आणि साधी लाळेची नळी यांची २०१५ मध्ये अमेरिकेत तुलना झाली, तेव्हा उडणाऱ्या तुषारांत लक्षणीय फरक आढळला नाही. सोय आणि संरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जाहिरातीत त्या एकाच वाक्यात येतात.

स्केलिंगचा प्रश्न सगळ्यात कठीण. दवाखान्यातल्या सर्व यंत्रांत अल्ट्रासॉनिक स्केलर सर्वाधिक तुषार उडवणाऱ्यांपैकी मानला जातो. काम हिरडीच्या कडेलाच, त्यामुळे रबर डॅम लावताच येत नाही. हिरडी सुजलेली असेल तर रक्तही त्याच पाण्यात. म्हणजे जिथे पडद्याची सगळ्यात जास्त गरज तिथेच पडदा निरुपयोगी. डॉ. हॅरेल यांनी १९९० च्या दशकात स्केलरच्या टोकाभोवतीच सक्शनचे वेष्टण बसवून पाहिले, म्हणजे वेगळा हात लागू नये आणि नळी आपोआप दाताजवळच राहावी. त्याने तुषार खूप घटले. आधी क्लोरहेक्सिडीनने चूळ भरायला लावली तर लाळेतले जीवाणू काही काळ कमी होतात, आणि ते करावेच. मात्र हिरडीखालच्या थरापर्यंत चूळ पोहोचत नाही आणि रक्तात असलेले काहीही ती काढू शकत नाही. शेवटी भिस्त सक्शनवरच.

तोंडाबाहेरच्या यंत्रांबद्दल थोडक्यात. मार्च २०२० नंतर दवाखाने फक्त तातडीच्या रुग्णांसाठी उघडे राहिले, मे महिन्यात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने डेंटिस्टांसाठी सूचना काढल्या, आणि मग हनुवटीपाशी आणायच्या रुंद तोंडाच्या बाह्य सक्शन यंत्रांची खरेदी सुरू झाली. त्यांत ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवणारा हेपा फिल्टर असतो. मोठी नळी धरलेली असताना जोडीला हे यंत्र असेल तर फायदा आहे. ती न धरता फक्त हे यंत्र लावले तर दिव्याचा नियम इथेही लागू होतो. खोलीत धूर किंवा जंतुनाशकाची फवारणी करण्यावर त्या काळात जो खर्च झाला, त्यातला बराचसा मला वाया गेलेला वाटतो, कारण फवारणी रुग्ण गेल्यावर होते आणि डॉक्टरांनी श्वास घ्यायचा तो घेऊन झालेला असतो. हवा बदलणे जास्त मोलाचे. तासाला सहा वेळा खोलीची हवा पूर्ण बदलत असेल तर हवेतले ९९ टक्के कण जायला ४६ मिनिटे लागतात, बारा वेळा बदलत असेल तर २३ मिनिटे, आणि दोनच वेळा बदलत असेल तर दोन तास १८ मिनिटे. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, तीच हवा गार करून फिरवतो. खिडकी कायमची सीलबंद करून एसी लावलेल्या खोलीत एक चांगला एग्झॉस्ट पंखा हवाच.

तुषार पकडण्याऐवजी ते कमी निर्माण व्हावेत, या दिशेने गेल्या काही वर्षांतले सगळ्यात उत्साह वाढवणारे काम झाले आहे. लंडनमध्ये किंग्ज कॉलेज आणि इंपीरियल कॉलेजच्या संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्याने बरजवळच्या पाण्याचे चित्रण केले. टर्बाइनच्या हँडपीसमधून पाण्याबरोबर दाबाची हवाही येते, आणि ती हवा व बरचा वेग मिळून पाण्याच्या धारेचे तुकडे करतात. विजेच्या मोटरवर चालणारा हँडपीस एक लाख फेऱ्यांच्या खाली ठेवून, हवा बंद करून फक्त पाणी सोडले, तर थेंब साठपटीने घटले. काम थोडे हळू होते, हँडपीस महाग असतो, पण दात गारच राहतो. शिकागोमध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या अलेक्झांडर यारिन यांच्या गटाने त्याच सुमारास पाण्यालाच हात घातला. त्यात पॉलिॲक्रिलिक आम्ल किंवा झँथन गम मिसळला. पाण्यात लांबच लांब साखळीचे रेणू असले की धार ताणली जाते पण तुटत नाही, तिचे थेंब सुटे होत नाहीत, आणि प्रयोगशाळेतल्या चाचणीत तुषार जवळपास दिसेनासे झाले. झँथन गम तर सॉस आणि आइस्क्रीममध्येही असतो.

पाण्याकडे वळण्याचे आणखी एक कारण आहे. ओहायो स्टेट विद्यापीठाने २०२० च्या उन्हाळ्यात २८ रुग्णांच्या उपचारांच्या वेळी डॉक्टर, मदतनीस, रुग्ण आणि आसपासच्या पृष्ठभागांवरचे नमुने घेतले. उडालेल्या तुषारांतले बहुतांश जंतू रुग्णाच्या लाळेतले नव्हते, ते यंत्राच्या पाण्यातलेच निघाले. काही रुग्णांच्या लाळेत कोरोना विषाणू होता, पण तुषारांत तो सापडला नाही. भरपूर पाण्याने लाळ पातळ होते आणि सक्शन तिला ओढून नेते, असा त्याचा अर्थ लावता येतो. मात्र मग त्या पाण्याची जबाबदारी वाढते. खुर्चीतल्या नळ्या बारीक असतात, रात्रभर पाणी त्यांत साचून राहते आणि आतल्या भिंतीवर जंतूंचा बुळबुळीत थर धरतो. इटलीत २०११ मध्ये ८२ वर्षांच्या एका बाई लीजनेला जीवाणूच्या न्यूमोनियाने दगावल्या. त्या काळात घराबाहेर पडून त्या फक्त डेंटिस्टकडे गेल्या होत्या, आणि तिथल्या पाण्यातला जीवाणू त्यांच्या फुप्फुसातल्या जीवाणूशी जनुकांच्या पातळीवर जुळला. म्हणून उपचारांसाठी वापरायच्या पाण्यात मिलिलिटरमागे ५०० पेक्षा जास्त जीवाणू नसावेत, असे सीडीसी सांगते. टाकीच्या नळाऐवजी वेगळी बाटली लावावी, नळ्यांना ठरल्या वेळी जंतुनाशक द्यावे, आणि प्रत्येक रुग्णानंतर हँडपीस वीस ते तीस सेकंद तसाच चालवून आतले पाणी सोडून द्यावे. हे सोडतानाही पाणी बेसिनमध्ये मोकळे उडू न देता मोठ्या सक्शनच्या तोंडातच सोडले, तर पुढचा रुग्ण खुर्चीवर बसण्याआधी खोलीत नवा फवारा पसरत नाही.